पान, पंगत आणि एक लाल केबल: आमच्या लाईनमन काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

जिन्यातून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर तुम्ही राहता, तरी पत्र लिहितेय. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय मोडता. आणि जाहीर एवढ्यासाठी, की आपल्या सांगलीत, निदान आपल्या गावभागात, जुन्या कॉम्प्युटरला शिव्या घालत बसलेली मी एकटीच नसणार.

तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे लग्नपत्रिकांच्या कामाची रांग लागते. यंदा नेमकं त्याच आठवड्यात, ज्यात मी पत्रिका करते ते कोरलड्रॉ उघडायला चार मिनिटं लागायला लागली. फाईल सेव्ह करायला गेलं की स्क्रीन पांढरी. मधेच सगळं थिजायचं आणि अर्ध्या मिनिटानं काहीच झालं नाही असं पुन्हा सुरू. दीड वर्षापूर्वीच तर हार्ड डिस्क काढून 240 जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवाली जलद डिस्क, टाकली होती. दुकानात दाखवलं तर, "एसएसडी गेली, बोर्डही जुना, नवीन सेटच घ्या." मी भिशीच्या पैशांचा हिशोब मांडायला बसले होते.

तुमची हयात टेलिफोनच्या खांबांवर गेली. तुम्हाला यातलं काय कळणार, असं मनात आलं होतं, ते इथं कबूल करते. तुम्ही चष्मा चढवलात आणि विचारलंत, "हळू म्हणजे किती?" मी म्हटलं, फारच. तर म्हणालात, "पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती विचारलं तर 'फारच' म्हणून चालतं होय गं? 40 फुटाला इशारा, 45 ला धोका. आकडा सांग."

मग डिस्कचा वेग मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क चालवून आकडा काढला. वाचायचा वेग सेकंदाला 250 एमबी, लिहायचा जेमतेम 30. तुम्ही माझ्या पत्रिकांच्या हिशोबाच्या वहीचं शेवटचं पान उलटलंत आणि तारीख घालून ते लिहिलंत. "एका वेळी एकच बदल करायचा, आणि केला की मोजायचं." मला सगळं एकदम करून टाकायची घाई होती. त्यावरून तुम्ही दोनदा ओरडलात, तेही बरोबरच.

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोत एक ओळ होती, जी मी जन्मात पाहिली नसती: सॅटा/300, आणि शेजारी सॅटा/600. सॅटा म्हणजे बोर्डाला डिस्क जोडायची वाट. म्हणजे डिस्क 600 ला तयार, पण तिला मिळतंय 300. कॅबिनेट उघडलं. माझा बोर्ड बी75 चिपसेटचा, त्यावर सहा गिगाबिटचं (600 वालं) सॅटा पोर्ट एकच असतं, बाकीची तीन गिगाबिटची (300 वाली). त्या एकुलत्या एका जलद पोर्टात काय लावलं होतं? डीव्हीडी रायटर! लग्नाच्या सीडी बंद होऊन जमाना झाला, पण पाटावर बसलाय तो. तुम्ही इतके हसलात की खालून काकूंनी विचारलं काय झालं म्हणून. जागा बदलली, वाचायचा वेग 530 वर गेला. पण थिजणं तसंच.

मग तुम्ही क्रिस्टलडिस्कइन्फोतल्याच 199 नंबरच्या नोंदीवर बोट ठेवलंत, सीआरसी एररची, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या माहितीच्या मोजणीची. आकडा 1,412. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 1,460. "बोर्ड आणि डिस्क यांच्यामधल्या तारेत खरखर आहे," म्हणालात. "लाईनवर खरखर असली की पलीकडचा 'काय? काय?' करतो आणि तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. तू थिजणं म्हणतेस ते हे. एक्स्चेंजला शिव्या देण्याआधी लाईन बघायची." डिस्क बोर्डाला जोडणारी लाल केबल जुन्या हार्ड डिस्कचीच होती. 2019 च्या महापुरात हे कॅबिनेट आम्ही अंधारात, ओल्या हातांनी वर चढवलं होतं. केबल तेव्हा दुखावली का, असं विचारलं तर म्हणालात, "असेल. सिद्ध कसं करणार? बदल." शंभराच्या आत नवीन केबल आली. हा आकडा कधी कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत, नाहीतर मी रोज तो शून्य व्हायची वाट बघत बसले असते.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्कशी बोलायचा मोड जुना आयडीईचा होता, तो नवा एएचसीआय केला. त्यासाठी विंडोज नव्यानं टाकावं लागेल असं मला सांगितलं गेलं होतं. तुम्ही आधी विंडोजच्याच एमएसकॉन्फिगमधून सेफ बूटची (कमीत कमी गोष्टींवर सुरू व्हायची) खूण केलीत, रीस्टार्ट करून मोड बदललात, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ दिलंत आणि खूण काढलीत. दहा मिनिटं. (त्याआधी बॅकअप घ्यायला लावलात, ते तीन तास वेगळे.)

उरला लिहायचा वेग. तो दोष सरळ माझा. 240 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 223 ची दिसते, आणि त्यातले सहा जीबी मोकळे होते. कारण पाच वर्षांपूर्वीच्या नवरदेवांचे फोटोही मी जपून ठेवलेत. जागा आहे तोवर काय बिघडतं, असं मी म्हटल्यावर तुम्ही पंगत सांगितलीत. एसएसडीत लिहिताना एकेक पान मांडता येतं, पण उष्टं काढायचं तर अख्खी ओळ एकदम उठवावी लागते. ओळीत दोघं अजून जेवत असतील तर आधी त्यांना दुसरीकडे बसवायचं. मांडवच भरलेला असेल तर बसवणार कुठं? आणि कुणाचं जेवण झालंय हे वाढप्याला सांगणारा माणूस म्हणजे ट्रिम. आपण फाईल पुसली तरी डिस्कला ते आपोआप कळत नाही, विंडोजनं सांगावं लागतं.

ट्रिम चालू आहे का बघायची आज्ञा तुम्ही टाकलीत, उत्तर आलं शून्य. मी घाबरले. ते 'सूचना बंद करणं' चालू आहे का, असं विचारतं म्हणे, म्हणून शून्य चांगलं! असं उलटं कुणी ठेवलं असेल? जुने फोटो जुन्या हार्ड डिस्कवर हलवले, साठ जीबी मोकळे केले, विंडोजचंच ऑप्टिमाइझ चालवलं आणि दर रविवारी डीफ्रॅग करणारं (फाईलचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं) माझं ते सॉफ्टवेअर तुम्ही माझ्याकडूनच काढायला लावलंत. एसएसडीला त्यानं वेग येत नाही, फुकटची झीज तेवढी होते. लिहायचा वेग 400 पार गेला. फार मोठी फाईल टाकली की अजूनही मधेच वेग उतरतो, पण तो त्या स्वस्त डिस्कचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे, हे आता मला कळतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. भडंगाचा पुडाही "काकूला दे" म्हणालात. काकूंनी तो तुम्हाला दिला नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून दुसरा वेगळा ठेवलाय. खाली येते घेऊन.

वही माझ्याकडेच आहे. काल रात्री 199 ची नोंद पुन्हा पाहिली. केबल बदलली त्या दिवशी 1,468 होता, अजून तेवढाच आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची पत्रिकावाली
गावभाग, सांगली