छातीत दुखत असताना ॲडमिट केलं म्हणून क्लेम रिजेक्ट? (तक्रार)

मा. तक्रार निवारण अधिकारी,

बाबांचा कॅशलेस तुम्ही नाकारलात, मग आम्ही पदरचे पैसे भरून रिएम्बर्समेंटला टाकलं तर तेही रिजेक्ट. कारण काय तर म्हणे 'ॲडमिशन फक्त तपासणीसाठी', एक्सक्लुजन कोड 04 (पॉलिसीत न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीतलं कलम). डिस्चार्ज कार्डवर शेवटी ॲसिडिटी लिहिलंय तेवढंच तुमच्या डॉक्टरांनी वाचलेलं दिसतंय.

बाबा 67 चे, शुगर, बीपी, कोलेस्ट्रॉल तिन्हीच्या गोळ्या चालू, आणि हे सगळं प्रपोजल फॉर्मवर लिहिलेलं आहे, प्रीमियम तसाच लावलाय तुम्ही. रात्री जेवण झाल्यावर छातीत जळजळ, जबडा जड, बनियन घामाने पिळून काढावं असं. कॅज्युअल्टीत नेल्या नेल्या रेझरने छातीवरचे केस काढून ईसीजी काढला (10 मिनिटांत काढायचा असा नियमच आहे), ॲस्पिरिन चावायला दिली, हाताला सुई लावून ठेवली. ईसीजी नॉर्मल, पहिलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते प्रथिन) पण निगेटिव्ह. तुमच्या हिशोबाने इथूनच रिक्षा करून घरी यायचं होतं का? अहो ट्रोपोनिन रक्तात वाढायलाच काही तास जातात, लवकर केलं तर ॲटॅक असूनही निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून तर ते परत करतात, आणि शुगरवाल्यांना कधी कधी छातीत म्हणावं तसं दुखतही नाही.

ड्युटी डॉक्टरांनी हार्ट स्कोअर (छातीत दुखणाऱ्याला हृदयाचा धोका किती ते गुण देऊन ठरवायची पद्धत) काढला तो केस पेपरवर आहे. वयाचे 2, रिस्क फॅक्टरचे 2, लक्षणांचा 1, ईसीजी आणि ट्रोपोनिनचे शून्य, एकूण 5. तीनपर्यंत असेल तर घरी सोडतात, 4 ते 6 वाल्याला मॉनिटरवर ठेवून बघतात. त्यांनी तेच केलं. ॲसिडिटी आहे हे नंतर कळलं, आधी कळलं असतं तर कोण हौसेने कॅज्युअल्टीत झोपायला जातं?

आणि कोड 04 मी नीट वाचलाय. त्यात 'प्रामुख्याने' तपासणीसाठीच झालेली ॲडमिशन असं आहे. इथे इमर्जन्सी होती, औषधं दिलीत, 24 तासांच्या वर मॉनिटरिंग झालंय. हे फुल बॉडी चेकअप नव्हतं.

केस पेपर, दोन्ही ट्रोपोनिनचे रिपोर्ट, ईसीजीच्या झेरॉक्स परत जोडतोय. क्लेम रीओपन करा आणि हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. नाकारायचाच असेल तर या रुग्णाला कितव्या तासाला घरी सोडायला हवं होतं ते तुमच्या डॉक्टरांच्या सहीने लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडे जातोय, फॉर्म भरून तयार आहे.

पॉलिसीधारकाचा मुलगा