इम्पेलर बदलला, तुकडे आतच राहिले

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख

विषय: सर्व्हिसिंगमधील चुकीमुळे बोटीचं इंजिन तापल्याबाबत व वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

मिरकरवाडा बंदरातल्या माझ्या ट्रॉलरला आपल्या कंपनीचं डिझेल इंजिन आहे. ‘समुद्राचं पाणी न घेता इंजिन चालवलं म्हणून तापलं, वॉरंटी लागू नाही’ असं आपण कळवलंत. हे साफ चुकीचं आहे.

1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत आपल्याच मेकॅनिकने सर्व्हिसिंग केलं. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बदलला, धक्क्याला बोट बांधून दहा मिनिटं इंजिन चालवलं, एक्झॉस्टमधून पाणी पडतंय हे दाखवलं आणि बिल घेऊन गेला. ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीला, जाळं ओढताना तापमानाचा काटा चढला, एक्झॉस्टमधून पाण्याऐवजी वाफ यायला लागली. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, लगेच इंजिन बंद केलं, तरी हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलंच. सात माणसं रात्रभर लाटांवर होती. सकाळी दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. बर्फ विरघळून मासळी गेली, ती वेगळीच.

इंजिन उघडल्यावर हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी रबराचे तीन तुकडे सापडले. खारं पाणी तिथल्या बारीक नळ्यांतून जातं आणि इंजिनात फिरणाऱ्या कूलंटची उष्णता घेऊन बाहेर पडतं. नळ्यांची तोंडंच अडली तर पाणी कमी पडणार. धक्क्यावर, बिनओझ्याच्या इंजिनाला तेवढं पाणी पुरलं. जाळं ओढताना पुरलं नाही.

आता नवा इम्पेलर बघा. बाराही पाती शाबूत आहेत, कुठे जळल्याची खूण नाही. कोरडा पंप फिरला असता तर मिनिटभरात ही पाती करपली असती. बदललेला जुना इम्पेलर मात्र तांडेलाने डब्यात ठेवला होता. त्याची तीन पाती तुटलेली आहेत आणि सापडलेले तुकडे त्या जागी तंतोतंत बसतात. तुटलेली पाती दिसत असताना ती गेली कुठे, हे मेकॅनिकने शोधायलाच हवं होतं. एक्स्चेंजरचं झाकण चार बोल्टांचं आहे, उघडून बघणं अवघड नव्हतं.

म्हणून दुरुस्तीचा पूर्ण खर्च व सर्व्हिसिंगचं बिल परत द्यावं. या एकाच बोटीवर आमचं घर चालतं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

फोटो जोडले आहेत. तुकडे आणि दोन्ही इम्पेलर पोस्टाने पाठवणार नाही. आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर बसवून दाखवतो.

आपला,
बोटमालक, मिरकरवाडा, रत्नागिरी