जांभ्याचं घर बांधणाऱ्या मित्रास

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

राजापूरच्या घराला भिंती ब्लॉकच्या बांधून दर्शनी बाजूला जांभ्याच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या लाल भोकाभोकांच्या दगडाच्या, पातळ फरश्या चिकटवाव्यात का, असं विचारलंस. अजिबात नको. तो जांभा म्हणजे दशावतारातली दाढी, पावसात सुटून येणारी. लावायचा तर अख्खा चिरा, म्हणजे जांभ्याचा तासलेला ठोकळा लाव, नाहीतर ब्लॉकला साधा रंग दे.

अर्धं काम चिरा निवडण्यातच आहे. खाणीतला वरचा कातळ टणक पण वेडावाकडा, फार खाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती लागते आणि दगड मऊ पडतो. मधल्या थरातला चिरा घे. हातोडीनं ठोकून बघ. खणखणीत वाजला तर ठेव, बद्द वाजला तर परत कर. पिवळट-पांढऱ्या मातीचे गोळे अडकलेला चिराही नको. ती माती पावसात वाहून जाते आणि भिंतीला भोकं पडतात. खाणीतून निघालेला चिरा ओला आणि मऊ असतो, हवेवर सुकला की कडक होतो. म्हणून तासणी आधी उरकायची, मग महिनाभर रचून ठेवायचे.

या मऊपणावरूनच फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ साली मलबारच्या दगडाला लॅटिनमधल्या विटेवरून 'लॅटेराइट' नाव दिलं. आपल्याकडे चिराच विटेचं काम करत आलाय.

हिशेब असा: चिरा साधारण १४ × ९ × ७ इंच, खाणीगणिक थोडा फरक. ९ इंच जाडीच्या १०० चौरस फूट भिंतीला अर्ध्या इंचाचा सांधा धरून १३२ चिरे लागतात. मोडतोडीसह १४५ मागव. एकेक तीसेक किलोचा, त्यामुळे ट्रक दारापर्यंत येतो का ते आधी पाहा.

लावण्याआधी चिऱ्यावर पाणी मार, नाहीतर तो मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. खाणीत जी बाजू खाली होती तीच खाली ठेव. सांध्यावर सांधा येऊ देऊ नको, आणि दिवसाला चार थरांपेक्षा जास्त चढवू नको.

खरा शत्रू पाणी. जांभा म्हणजे बेसाल्टमधली सिलिका पावसानं धुऊन नेल्यावर उरलेलं लोह-ॲल्युमिनियमचं जाळं. भोकं त्याच्या जातीतच. म्हणून जोतं काळ्या दगडाचं, दोन फूट तरी, आणि त्यावर ओलरोधक थर. नाहीतर ओल जमिनीतून वर चढते. पश्चिमेकडे पडवी किंवा तीन फुटांची पागोळी हवीच. बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करू नको. ओल आत कोंडते, प्लास्टर फुगतं आणि चिऱ्याची साल घेऊन पडतं. नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी भर, आतून चुना.

आणखी एक. चिरा कुठल्या सड्यावरचा, म्हणजे कुठल्या कातळाच्या पठारावरचा, हे खाणवाल्याला विचार. कशेळी, बारसू, देवीहसोळची कातळशिल्पं याच दगडात कोरलेली आहेत, आणि २०२२ पासून कोकणची कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. शिल्पाच्या कडेपर्यंत यंत्राची करवत गेलेली असेल, तर तिथला चिरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नको.

दिवाळीनंतर खाणी सुकल्या की मागणी नोंदव, जानेवारीत भिंती, आणि मेच्या मध्यापर्यंत कौलं चढलेली हवीत. पहिला ट्रक उतरला की दहा चिरे ठोकून बघ आणि मला फोन कर.

तुझा,
विनायक