दार विकू नका

पुणे, रविवार

तीर्थरूप आई आणि अप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अप्पा, बुधवारी फोनवर तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात, की दिवाळी झाली की मागची धाब्याची खोली पाडायची, वर स्लॅब टाकायचा, आणि जुनं सागवान घ्यायला रावेरचा माणूस येऊन बघूनही गेला. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री झोप लागली नाही. फोनवर बोलायला गेले की माझा आवाज भरून येतो आणि तुम्ही दोघं घाबरता, म्हणून लिहायला बसले आहे.

खोली पाडा. धाब्याची माती झडते, पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागतात, आईच्या गुडघ्यांना तो उंच उंबरा झेपत नाही. सगळं कळतं मला. फक्त दार विकू नका. आणि पाडण्याआधी मला त्या खोलीत चार दिवस द्या.

त्या दाराचं मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. चौथीची परीक्षा झाली होती, वैशाख होता. दुपारी बारानंतर आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नसे. खिडकीला ओलं गोणपाट, दार लावलेलं, आत मिट्ट काळोख. तुम्ही बाजेवर, आई खाली जमिनीवर पदर अंथरून. दाराच्या उजव्या फळीत एक गाठ निखळून पडली होती, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. मला झोप येत नव्हती म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत पडले होते, आणि पांढऱ्या मातीने पोतारलेल्या त्या भिंतीवर काहीतरी हललं. पुसट, पण हिरवं. समोरचा लिंब होता तो, उलटा टांगलेला. मग त्याच्या खालून (म्हणजे वरून) एक बैलगाडी गेली, चाकं आभाळाकडे, बैलांचे पाय आभाळाकडे. रंगासकट! एका बैलाच्या पाठीवरची झूल लाल होती, ती भिंतीवरही लालच होती.

आई, तू डोळे न उघडताच म्हणालीस, "काय पाहू राह्यली वं तठी? नीज."

अप्पा, तुम्ही मात्र उठलात. भिंतीजवळ उभे राहिलात, हात पुढे केलात, आणि तुमच्या तळव्यावर तो लिंब उतरला. मी विचारलं, हे उलटं का? तुम्ही म्हणालात, "मला नाही माहीत." दुसऱ्या दिवशी केळीची गाडी भरून झाल्यावर तुम्ही विज्ञानाच्या गुरुजींच्या घरी गेलात, आणि रात्री येऊन वजनकाट्याच्या पावतीच्या मागे पेनाने दोन रेघा काढून दाखवल्यात. उजेड सरळ चालतो, त्याला वळता येत नाही. शेंड्याकडून निघालेला भोकातून खाली जातो, बुंध्याकडचा वर जातो, म्हणून झाड उलटं. दिवसभर घड वाहून खांदे सोलवटलेला माणूस पोरीच्या एका प्रश्नासाठी गुरुजींच्या घरी जातो, हे त्या वयात मला साधं वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

पुढे आईने विंचू-काटा येईल म्हणून त्या भोकात चिंधीचा बोळा कोंबला. तो मी एकदाच काढला. २४ ऑक्टोबर १९९५, ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण. मी दहावीत होते. आजीने सगळ्यांना घरात कोंडलं होतं, पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकली होती, चूल बंद. आपलं दार पूर्वेकडे, आणि ग्रहण सकाळचं. मी बोळा उपसला तर शेणाने सारवलेल्या जमिनीवर रुपयाच्या नाण्याएवढा उजेडाचा ठिपका पडला, आणि तो गोल नव्हता. कोर होती. चावा घेतलेल्या भाकरीसारखी, आणि हळूहळू बारीक होत चाललेली. आजीला बोलावलं. ती गिऱ्हाणाकडे बघायचं नाही म्हणून डोळे झाकून बसली होती, पण जमिनीकडे बघायला तिची हरकत नव्हती. बराच वेळ वाकून बघत होती. मग म्हणाली, "देव घरात उतरला."

त्यानंतर बारावी, बी.कॉम., लग्न, पुणं, नोकरी, तुमची नात. हिशेबाच्या टेबलापाशी बरीच वर्षं गेली. ती वाईट नव्हती. पण त्यांत उजेडाकडे बघायला मला सवड झाली नाही.

सदतिसाव्या वर्षी कॅमेरा घेतला तो नातीच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी, सेकंडहँड. घरी येऊन फोटो पाहिले तर पोरगी खिडकीपुढे उभी आणि तोंड काळंठिक्कर. पुढचे सगळे पिवळेजर्द. बाकीच्यांनी फोटो पुसून टाकले असते. मला मात्र कारण हवं होतं. खिडकीतून येणारा उजेड तिच्या पाठीमागे होता, कॅमेऱ्याने खिडकी सांभाळली आणि चेहरा सोडून दिला. पिवळे आले ते स्टेजवरच्या हलोजनमुळे. दुपारच्या उन्हाचा रंग साधारण ५,५०० केल्विन, हलोजनचा ३,२०० च्या आसपास, आणि समईच्या ज्योतीचा दोन हजाराच्याही खाली. आकडा जितका उतरतो तितका उजेड तांबूस होत जातो. आपला डोळा हे सावरून घेतो, कॅमेऱ्याला सांगावं लागतं. हे वाचलं त्या रात्री मी पहाटेपर्यंत जागी होते. वजनकाट्याची पावती पुन्हा हातात आल्यासारखं वाटलं.

मग एका वयस्कर फोटोग्राफरकडे शनिवार-रविवार जाऊ लागले. तुम्हाला "क्लासला जाते" एवढंच सांगितलं होतं. पहिले तीन महिने त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. थर्माकोलची पांढरी शीट धरून उभी राहायचं. माणसाच्या एका बाजूला लाइट, दुसऱ्या बाजूला मी. शीट वीतभर जवळ आणली की गालावरची सावली उजळते, वीतभर मागे नेली की गाल पुन्हा अंधारात जातो. हात भरून येत, पण मी कंटाळले नाही, एक दिवससुद्धा नाही.

आई, तुला यातलं निम्मं आधीच येतं. रात्री लाइट गेली की गोधडी शिवताना तू चिमणी ओढून अगदी मांडीशी घ्यायचीस. चिमणी एक हातावर असताना जेवढा उजेड पडतो, ती दोन हातांवर नेली तर निम्मा नाही उरत, चौथाई उरतो. तीन हातांवर नववा हिस्सा. आमचा सगळा धंदा या एका हिशेबावर चालतो. आणि आषाढात आभाळ भरून आलं की तू म्हणायचीस, आज डोळ्याला गार वाटतं. सूर्य केवढाही मोठा असला तरी इतका लांब आहे की आपल्यासाठी तो टिकलीएवढा दिवा, म्हणून वैशाखात सावल्या सुरीने कापल्यासारख्या पडतात. ढग आला की सगळं आभाळच दिवा होतं, आणि मोठ्या दिव्याच्या सावलीला कडा राहत नाही. स्टुडिओत आम्ही लाइटपुढे पांढरं कापड ताणून तोच ढग करतो.

थर्माकोल धरताना मला सहावीतली अजिंठ्याची सहल आठवली. पहिल्या नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर आम्ही रांगेने उभे होतो आणि काही दिसत नव्हतं. मग बाहेरच्या माणसाने उन्हात आरसा तिरपा केला, आतल्याने पांढरं कापड धरलं, आणि ऊन आरशावरून कापडावर, कापडावरून भिंतीवर असं आलं. पद्मपाणीच्या भुवया उजळल्या. सगळी पोरं चित्राकडे बघत होती. मी त्या कापडाकडे बघत होते. घरी येऊन आरसा घेऊन मी तुळयांवर कवडसे पाडत बसले होते, आणि आरसा फुटला म्हणून मार खाल्ला होता, आठवतं का?

त्याच अजिंठ्यासाठी आयुष्य घातलेला एक माणूस भुसावळला पुरलेला आहे, हे मला फार उशिरा कळलं. रॉबर्ट गिल. १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्याला लेण्यांतली चित्रं उतरवायला नेमलं. वर्षानुवर्षं त्या काळोखात बसून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात बहुतेक जळाले. पण त्याने कॅमेराही हातात घेतला होता. लेण्यांचे त्याने काढलेले ७४ फोटो १८६४ मध्येच पुस्तकात छापून आले होते. १८७९ मध्ये तो गेला. गाडी बदलायला भुसावळच्या फलाटावर आपण किती तास काढले, आणि गावातच तो झोपलेला आहे हे माहीत नव्हतं. दिवाळीला येईन तेव्हा त्याच्या कबरीवर फूल ठेवणार आहे. अप्पा, बरोबर याल ना?

आता मनात सलणारी गोष्ट लिहिते. बैठकीतला आजीचा फोटो. ती गेल्यावर तुम्ही लग्नाच्या ग्रुप फोटोतून तालुक्याच्या एका स्टुडिओत तो मोठा करून घेतलात. त्यांनी तिचा चेहरा गुळगुळीत केला, पांढऱ्या केसांना काळं केलं आणि हनुवटीवरचं गोंदण पुसलं. तीन ठिपके होते, मधला जरा खाली सरकलेला. मी तिच्या मांडीवर निजून ते बोटाने मोजायची. हार घातलेल्या त्या फोटोत मला माझी आजी सापडत नाही. त्यांचा हेतू वाईट नसेल, गिऱ्हाइकाला आवडेल ते त्यांनी केलं. पण माणसाच्या चेहऱ्यावर जे लिहिलेलं असतं ते खोडायचा हक्क फोटो काढणाऱ्याला नाही, असं मी मानते, आणि म्हणून मी कुणाचीही सुरकुती पुसत नाही. समोरून फ्लॅश मारला की चेहरा पुरीसारखा सपाट होतो. उजेड बाजूने, तिरपा, कातडीला घासून जाईल असा आला की गोंदण दिसतं, देवीचे व्रण दिसतात, हसून पडलेल्या रेघा दिसतात.

सोबत एक फोटो पाठवते आहे, श्रावणातल्या कानबाईचा. आई, मी ट्यूबलाइट बंद करायला लावली म्हणून काकू चिडल्या होत्या, तो हाच. दिवा फक्त समईचा, डाव्या बाजूला, दीड हातावर. तू रोट मोडते आहेस. नीट बघ: ज्योतीचा उजेड आधी तुझ्या बोटांवर पडलाय, तिथून नथीवर, आणि नथीतला एक मोती पेटल्यासारखा झालाय. उजवा गाल जवळजवळ अंधारात आहे, पण पूर्ण नाही, कारण पलीकडे अप्पांचा पांढरा सदरा होता आणि तो माझ्यासाठी थर्माकोलचं काम करत होता. त्यांना ते माहीत नव्हतं. शटर सेकंदाच्या साठाव्या हिस्स्यावर होतं. तेवढ्या वेळात तू श्वास धरला होतास, दरवर्षी रोट मोडताना धरतेस तसा. सात वर्षांत मी हजारो फोटो काढले, त्यातला हा एक मला कायम जवळ हवा आहे.

हे सगळं लिहायचं कारण दुसरंही आहे. जूनपासून मी नोकरी तीन दिवसांवर आणली. पगार निम्म्याजवळ आला. जावयांशी बोलून, हिशेब मांडून केलंय, नातीच्या शिक्षणाच्या पैशाला हात लावलेला नाही. उरलेले दिवस मी फोटोची कामं घेते. भांडी, साड्या, दागिने, आणि महिन्यातून चार-पाच वेळा घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचे फोटो. तुम्हाला काळजी वाटेल म्हणून तीन महिने बोलले नाही, ते चुकलं. अप्पा, तुम्ही केळी सोडून कापसाकडे वळला होतात त्या वर्षी आजोबा तुमच्याशी बोलत नव्हते, हे तुम्हीच सांगितलं आहे. माझ्यावर रागवा, पण बोला.

आता दिवाळीचं. मी धनत्रयोदशीला येते. फोटो त्या खोलीत काढायचे, अंगणात नाही. धाब्यातल्या सान्यातून कवडसा येतो तो वैशाखात जमिनीवर पडायचा. दिवाळीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून तो उत्तरेच्या भिंतीकडे, उतरंडीच्या अंगाला सरकलेला असेल. अकरा ते साडेबारा मिळतील, जास्त नाही. आई, तू रोजचं लुगडं नेस, नवं नको, नव्याची जर उजेड उधळते. अप्पा, टोपी राहू द्या. दाढीचं काय ते तुम्ही ठरवा. सान्यावरचं झाकण आदल्या दिवशी कुणाकडून तरी काढून ठेवा, तुम्ही स्वतः धाब्यावर चढू नका, शपथ आहे माझी.

आणि रावेरच्या माणसाला सांगा, तुळया ने, खांब ने, दाराचे पैसे माझी मुलगी देईल. इथे माझ्या खोलीला ते बसेल, मी चौकट मोजून घेतली आहे.

भोकातला बोळा अजून तिथेच असेल. तो काढू नका. मी आल्यावर खोलीत अंधार करू, अप्पा भिंतीपाशी उभे राहतील, आणि मग मी काढेन.

तुमची,
ताई