तीन दिवाळ्या

पुणे, रविवार

चि. केतकी,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या स्टुडिओतल्या कुणीतरी तुला सांगितलं की तमिळ सिनेमातले जुने गायक-नट त्यागराज भागवतर म्हणजे 'खून करून तुरुंगात गेलेला तो जुना गायक', आणि तू मला विचारलंस, हे खरं का? फोनवर सांगायला घेतलं तर तुझं डबिंग सुरू झालं. म्हणून लिहिते आहे, सवडीने वाच. पण एक गोष्ट त्या माणसाला उद्याच सांग : हायकोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं होतं. इतक्या वर्षांनीही लोकांच्या लक्षात खटला राहतो आणि निकाल कुणाला आठवत नाही, याचा मला फार राग येतो.

आता बाकीचं, माझ्या क्रमाने. म्हणजे गाण्यापासून.

भागवतरांचं 'हरिदास' चित्रपटातलं 'मन्मथ लीलै' ऐकलंस ना? राग ओळखला असशीलच. नसेल तर माझ्याकडची इतक्या वर्षांची शिकवणी फुकट गेली. चारुकेशी. खाली रे-ग शुद्ध, हसरे, आणि पंचमाच्या वर गेलं की धैवत-निषाद कोमल. 'हे सुरांनो चंद्र व्हा' शिकताना तू याच वळणावर अडखळायचीस. आपल्या हिंदुस्थानी गाण्यात हा राग दक्षिणेकडून आला, आणि तमिळ घराघरांत तो पोचवण्यात या एका गाण्याचा वाटा मोठा. गाणं पापनाशम शिवन यांचं, संगीत जी. रामनाथन यांचं. भागवतरांचा आवाज वरच्या पट्टीतला, खणखणीत, पण कर्कश कुठेही नाही. शब्द इतके स्वच्छ की मला तमिळ येत नाही तरी शब्द कुठे संपतो ते कळतं. तो आवाज माइकच्या आधीच्या रंगभूमीवर घडलेला आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायला हवं, ही पहिली अट.

मायवरम कृष्णस्वामी त्यागराज भागवतर. जन्म १९१०, तंजावर जिल्ह्यातल्या मायवरमचा, म्हणजे आजचं मयिलाडुतुरै. सोनारकाम करणारं घर. पुढे कुटुंब तिरुचीला आलं. शाळेत मन नाही, गाण्यात सगळं. घरातून पळून जाऊन कडप्प्याला पोचले आणि वडिलांना सापडले तेव्हा लोकांपुढे गात होते, अशी गोष्ट सांगतात. वडिलांनी मग हट्ट सोडला असावा. तिरुचीला एफ. जी. नटेश अय्यर नावाचे रेल्वेतले अधिकारी नाटकवेडे होते, रसिक रंजन सभा चालवायचे. त्यांनी या पोराला 'हरिश्चंद्र' नाटकात राजपुत्राची भूमिका दिली. त्यानंतर मदुरैच्या पोन्नू अय्यंगारांकडे रीतसर कर्नाटक संगीताची तालीम झाली. हे लक्षात ठेव, कारण पुढे लोक त्यांचं देखणेपण, हिऱ्याच्या कुड्या, रेशमी जिब्बा आणि मानेपर्यंत रुळणारे केस यांतच रमतात. त्या केसांची फॅशन गावोगावी 'भागवतर क्रॉप' म्हणून गाजली, ते खरंच आहे. पण आधी तालीम, मग केस.

एस. डी. सुब्बुलक्ष्मींबरोबर ते 'पवळक्कोडी' हे नाटक करत. ते नाटक पाहूनच चित्रपटाची कल्पना निघाली आणि १९३४ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या दिग्दर्शनाखाली तो आला. गाणी किती असतील? पन्नासच्या आसपास! आणि सगळी चित्रीकरणाच्या वेळीच गायलेली. पार्श्वगायन अजून नव्हतं. वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, झाडामागे नाहीतर पडद्याआड बसत. उघड्यावर सूर्यप्रकाशात शूटिंग चाले, आणि कावळे ओरडून आवाज बिघडवत म्हणून त्यांना हाकलायला एअरगन घेतलेला माणूस नेमला होता म्हणे. तू साउंडवाली आहेस, तुला या माणसाबद्दल माझ्यापेक्षा जास्त सहानुभूती वाटेल.

इथे मला आपले बालगंधर्व आठवतात. त्यांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांचं काम केलं, पण पडद्यावर ते रुजले नाहीत. त्यांची रंगभूमी मात्र बोलपटाने झपाट्याने रिकामी केली. ज्या बोलपटाने आपल्या गंधर्वांना खाली आणलं, त्यानेच त्याच सुमारास तिकडे भागवतरांना वर नेलं. दोघांची कला खरं तर एकाच जातीची : गोष्ट थोडी, पदं भरपूर, आणि प्रेक्षक पदांसाठी आलेला. तमिळ सिनेमाने सुरुवातीची दहा-बारा वर्षं हीच रंगभूमी उचलून पडद्यावर ठेवली. भागवतर नेमके त्या दहा-बारा वर्षांचे राजे.

१९३७ मध्ये 'चिंतामणी' आणि 'अंबिकापती'. 'चिंतामणी' इतका चालला की मदुरैच्या निर्मात्यांनी त्या नफ्यातून त्याच नावाचं थिएटर बांधलं. 'अंबिकापती'चा दिग्दर्शक एलिस डंगन हा अमेरिकन, त्याला तमिळ येत नव्हतं. पुढे 'तिरुनीलकंठर', 'अशोक कुमार', 'शिवकवी'. लोक सांगतात, ते सोन्याच्या ताटात जेवत. असेलही. सोनाराच्या घरचा मुलगा, त्याला हौस असणारच.

आणि मग 'हरिदास'. १९४४ ची दिवाळी. दिग्दर्शक सुंदरराव नाडकर्णी, आपल्याकडच्या कोकणी वळणाच्या नावाचे, मंगळूरचे. गोष्ट ऐकशील तर चकित होशील : उधळ्या, बाईलवेडा मुलगा आईवडिलांना घराबाहेर काढतो, सगळं गमावतो, पश्चात्तापाने आईवडिलांच्या सेवेला लागतो आणि शेवटी देव त्याच्याकडे येतो. हा तर आपला पुंडलिक! महिपतींच्या 'भक्तविजया'तल्या कथा तमिळमध्येही 'भक्तविजयम्' म्हणून वाचल्या जात, त्यामुळे हे नातं काही ओढूनताणून जोडलेलं नाही. (हे तुला टोमणा म्हणून लिहीत नाहीये. फोन मात्र आठवड्यातून एकदा करत जा.)

हा चित्रपट मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात सलग चालला. १९४४ ची दिवाळी पाहिली, ४५ ची पाहिली, ४६ चीही पाहिली. तीन दिवाळ्या. आणि यातल्या शेवटच्या दोन दिवाळ्यांना चित्रपटाचा नायक तुरुंगात होता. संध्याकाळी हजारो लोक तिकीट काढून ज्याला गाताना पाहत होते, तो त्या वेळी कैदी होता. केतकी, मी या एका गोष्टीवर किती वेळा अडते ते सांगता येत नाही.

खटल्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार रस घेणारे आधीच पुष्कळ आहेत. सी. एन. लक्ष्मीकांतन नावाचा एक पत्रकार 'सिनेमा तूदु' हे साप्ताहिक काढत असे. नटनट्यांच्या खाजगी भानगडी छापायच्या, न छापण्याचे पैसे घ्यायचे, असा धंदा. भागवतर, विनोदी नट एन. एस. कृष्णन आणि दिग्दर्शक श्रीरामुलू नायडू यांनी गव्हर्नरकडे तक्रार केली आणि त्या साप्ताहिकाचा परवाना रद्द झाला. त्याने 'हिंदु नेसन' हे दुसरं नाव घेऊन तेच चालू ठेवलं. ८ नोव्हेंबर १९४४ रोजी वेपेरी भागात त्याला भोसकलं, दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात मरण पावला. डिसेंबरात हे तिघे अटकेत. म्हणजे 'हरिदास' लागून तीन महिनेही झाले नव्हते.

नायडूंच्या बाजूने मुंबईहून कन्हैयालाल मुन्शी गेले होते. नायडू सुटले. भागवतर आणि कृष्णन यांना मे १९४५ मध्ये जन्मठेप झाली, तीही ज्यूरीच्या सहा विरुद्ध तीन अशा मतांनी. हायकोर्टात अपील फेटाळलं गेलं. मग लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे त्या वेळचं सर्वांत वरचं न्यायालय, तिथून पुन्हा हायकोर्ट, आणि एप्रिल १९४७ मध्ये दोन न्यायमूर्तींनी दोघांना निर्दोष ठरवलं. खून कुणी केला हे आजवर सिद्ध झालेलं नाही. अडीच वर्षं गेली ती गेली.

आता माझं म्हणणं ऐक. खटल्याने भागवतर संपले, असं सगळे लिहितात. मला ते अर्धंच पटतं. त्यांच्याच बरोबर, त्याच आरोपाखाली, तितकेच दिवस आत राहिलेले कृष्णन बाहेर आले आणि पुन्हा कामाला लागले. १९४९ मध्ये 'नल्लतंबी', तोही द्राविड चळवळीचे नेते अण्णादुरै यांनी लिहिलेला. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. खुनाचा डाग इतकाच जबर असता तर तो दोघांनाही लागायला हवा होता.

फरक असा की कृष्णन यांचं हत्यार बोलणं होतं आणि भागवतरांचं गाणं. अडीच वर्षांत, किंबहुना त्याच्या थोडं आधीपासून, सिनेमा गाण्याकडून बोलण्याकडे सरकला. युद्धात कच्च्या फिल्मची टंचाई झाली आणि १९४३ पासून सरकारने चित्रपटाला अकरा हजार फुटांची मर्यादा घातली. आधी तमिळ चित्रपट त्याच्या दीडपट-दुप्पट लांब असत. पहिली कात्री कशाला लागणार? पदांना. दुसरीकडे पार्श्वगायन रुळलं, म्हणजे नायकाला गाता आलंच पाहिजे ही अट गेली. आणि मग देवधर्म आणि जातिभेद यांवर टीका करणाऱ्या द्राविड चळवळीचे लेखक आले. 'वेलैक्कारी', 'पराशक्ती' : लांबलचक, टाळ्यांचे, रागाने पेटलेले संवाद. लोक आता थिएटरातून गाणी नाही, भाषणं पाठ करून बाहेर पडू लागले. देवाला आळवणाऱ्या भक्ताला तिथे जागा कुठे होती? कृष्णन त्या लेखकांच्या घोळक्यात सहज सामावले. भागवतरांना ते जमणारं नव्हतं आणि, मला वाटतं, त्यांना ते नकोही होतं.

सुटल्यावर त्यांनी स्वतःची संस्था काढून 'राजमुक्ती' केला आणि त्याचं चित्रीकरण कुठे झालं माहितेय? इथे, आपल्या पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत! आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. तुझ्या शाळेच्या रिक्षेचा रोजचा रस्ता. तमिळमधले मोठे कथाकार पुदुमैप्पित्तन संवाद लिहायला पुण्यात आले, इथेच क्षयाने आजारी पडले आणि १९४८ च्या जूनमध्ये, चित्रपट लागण्याआधीच वारले. एम. एल. वसंतकुमारींनी त्यात पार्श्वगायन केलं. दुय्यम भूमिकेत एक एम. जी. रामचंद्रन नावाचा नट होता, आणि व्ही. एन. जानकी. पुढे दोघांचं लग्न झालं आणि दोघेही तमिळनाडूचे मुख्यमंत्री झाले. म्हणजे जुना राजा पुन्हा उभा राहू पाहत होता आणि त्याच्याच सेटवर नवा राजा कमरेला तलवार लावून बाजूला उभा होता. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

'राजमुक्ती' पडला. १९५२ चे 'अमरकवी' आणि 'श्यामला' यांनीही त्यांना जुनी जागा परत दिली नाही. १९५७ चा 'पुदु वाळ्वु' त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला, तोही पडला. पैसा गेला, मधुमेहाने शरीर पोखरलं. १ नोव्हेंबर १९५९ रोजी मद्रासच्या सरकारी इस्पितळात गेले, वय एकोणपन्नास. शेवटचा 'शिवगामी' त्यांच्या मृत्यूनंतर लागला. कृष्णनही त्यांच्या दोन वर्षं आधीच गेले होते, हात इतका सैल की त्यांच्याही गाठीला फारसं काही उरलं नव्हतं.

'अमरकवी'तली गाणी मी मुद्दाम ऐकली. आवाज उतरलेला वगैरे अजिबात नाही. तान तशीच स्वच्छ, शब्द तसेच. त्यामुळे 'तुरुंगात आवाज गेला' हेही कुणी तुला सांगितलं तर खुशाल वाद घाल. ऐकणारे बदलले होते, गाणारा नव्हे. गंमत बघ, टी. एम. सौंदरराजन यांनी १९५० मध्ये पार्श्वगायनाला सुरुवात केली ती भागवतरांच्याच ढंगात गाऊन, आणि पुढची पंचवीसएक वर्षं एमजीआर (म्हणजे तेच रामचंद्रन) आणि नट शिवाजी गणेशन दोघांनाही तोच आवाज पुरला. गायकी पडद्यामागे जाऊन राहिली. पडद्यावर फक्त ओठ.

तुला यातलं साउंडचं जास्त कळतं, म्हणून एक काम सांगते. 'हरिदास'ची बरी प्रिंट तुमच्याकडे कुणाजवळ असेल तर 'मन्मथ लीलै' हेडफोन लावून ऐक आणि मला कळव, साथीत मृदंगाशिवाय नक्की काय काय वाजतंय. मला व्हायोलिन स्पष्ट ऐकू येतं, पण मागे आणखी एक तारेचं वाद्य आहे असं वाटतं आणि इथे माझ्या स्पीकरवर ते काही केल्या सुटत नाही. वर्गात मुलींना चारुकेशी घेतली आहे, त्यांना हे ऐकवायचं आहे, तेव्हा जमल्यास पुढच्या शनिवारच्या आत कळव. बाबांनी तुझ्या भाड्याच्या पावत्या मागितल्या आहेत, त्या पाठव. आणि मेसच्या डब्यावर भागवू नकोस, थालीपीठाची भाजणी पार्सलने टाकली आहे.

तुझी,
आई