खंड्या काय म्हणतो

नाशिकरोड

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. आबांचे गुडघे कसे आहेत आणि खंड्याची काय खबर, एवढंच तू विचारलंस. गुडघे तसेच आहेत. खंड्याचं मात्र सविस्तर लिहायला हवं.

गाव सोडून आमच्याकडे यायचं ठरलं तेव्हा आबांनी एकच अट घातली होती, खंड्या सोबत येणार. कांद्याच्या चाळीखाली गारव्याला पडून वाढलेलं ते कुत्रं जेलरोडला रमेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण रमलं. तुला आमच्या घरातलं माहीत आहे. दादाचा पक्ष वेगळा, माझा वेगळा. त्यात २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, आणि ताटावर बसून राजकारण काढायचं नाही असा आईने दंडकच घातला. तेव्हापासून आबा स्वतःचं मत सांगतच नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसतात, खंड्याचा कान दोन बोटांत धरून वाकतात, घटकाभर ऐकतात आणि मग मान वर करून म्हणतात, "खंड्या म्हणतोय..." शेजारपाजारचे पेपर घडी करून येऊन उभे राहतात.

पक्षफुटीवर खंड्या म्हणाला, "मी माणूस वासावरून ओळखतो. माणूस तोच, वास तोच, गाडी तीच. मग निशाणी का वेगळी?" दादा रविवारी आला होता. तोही हसला आणि मीही. कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं राजकारणावरून एकाच वेळी हसलो, बापू.

सकाळी दोघं नोटांच्या प्रेसच्या बाजूने फिरायला जातात. सिक्युरिटी प्रेस १९२५ ची आणि करन्सी नोट प्रेस १९२८ ची, हे आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्यावर खंड्याचं म्हणणं असं: "नोट इथं माझ्या नाकासमोर छापतात. लासलगावचा कांदा बाजार इथून दीड तासावर. कोरी करकरीत निघालेली नोट कांदेवाल्याच्या हातात पडेपर्यंत तिला वाटेत कोण कोण चावतं? मी तर नाही चावलो." आणि मग आबा खिशातून दादाच्या कांदाविक्रीची हिशोबपट्टी काढतात. हमाली, तोलाई, वाराई, सगळं वजा होऊन खाली उरलेली रक्कम. पट्टी खंड्याच्या नाकाला लावतात. तो शिंकतो, कारण कागदाला कांद्याच्या पातीचा भुगा चिकटलेला असतो. आबांना एवढं उत्तर पुरतं.

मध्ये धाकटीने त्याला तयार खाण्याचा पुडा आणला. आबांनी चष्मा लावून बिल वाचलं, १८ टक्के जीएसटी. गाई-म्हशींच्या पशुखाद्याला कर नाही हे त्यांना ठाऊक होतं. लगेच कान धरला. "खंड्या म्हणतोय, मतदार यादीत माझं नाव नाही, पण कर भरणाऱ्यांत आहे." पुडा संपल्यावर परत भाकरी-दूध सुरू झालं, आणि खरं सांगतो, त्याला तेच जास्त आवडतं.

पण खंड्याचा जीव अडकलाय तो कांद्यात. तू बँकेत बसून आकडे बघतोस, म्हणून तुला हे सगळं मांडून सांगावंसं वाटतं. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं. ऑक्टोबरात निर्यातीसाठी टनामागे ८०० डॉलरची किमान किंमत आली, त्याखाली बाहेर विकायचा नाही. त्याने भागलं नाही म्हणून डिसेंबरात निर्यातच बंद झाली. लाल कांदा मळ्यातून निघायला लागला होता, नेमकी तीच वेळ. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने थांबतो, भाव बघून काढता येतो. लाल थांबत नाही. काढला की विकायचाच, नाहीतर सडतो. दादा तेव्हा रोज रात्री फोन करायचा आणि भाव सांगून गप्प बसायचा. लासलगावला लिलाव बंद पडले ते तू टीव्हीवर पाहिलं असशील. मी दादाचा आवाज ऐकत होतो.

खंड्या त्यावर म्हणाला, "मला दिवसभर फाटक उघडं ठेवतात आणि बाहेर पडायची वेळ झाली की लावतात, तसं झालं हे."

पुढे एप्रिलच्या शेवटी गुजरातचा २००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी मिळाली. इकडे ओरड झाली, मग दोन दिवसांत सहा देशांसाठी ९९,१५० टनांचं पत्रक निघालं, आणि ४ मे २०२४ ला बंदीच उठली, शुल्क मात्र ठेवून. २० मेला आपल्याकडे मतदान होतं. आबांनी त्या दिवशी खंड्याचा कानसुद्धा धरला नाही. नुसतं कॅलेंडर दाखवलं. दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या, तेव्हा दादाने फोनवर विचारलं, "खंड्या काय म्हणतोय?" आबा म्हणाले, "झोपलाय. उठवू नको."

तूच मला एकदा समजावलं होतंस की महागाईच्या निर्देशांकात, २०१२ च्या पायावर मोजायचे तेव्हा, कांद्याचं वजन शंभरात जेमतेम ०.६४ होतं. मी ते आबांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. नंतर खंड्याच्या तोंडून नव्हे, स्वतःच म्हणाले, "शंभरात एकसुद्धा नाही, आणि साखळी पहिली त्यालाच?" १९८० ला शेतकरी संघटनेच्या कांदा-उसाच्या आंदोलनात आबा रस्त्यावर बसले होते, तुला आठवत असेल ते सांगायचे. तेव्हाचं मागणं आणि आजचं मागणं यात फारसा फरक नाही, हे त्यांना लागतं. २०१८ ला आपल्याच निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे हातात आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले होते. ती बातमी कापून आबांनी पाकिटात ठेवलीय, अजून.

मला शहरातल्या माणसाचंही कळतं, बापू. मीही इथे कांदा विकतच घेतो, आणि भाव चढले की आमच्या गल्लीतही कुरकूर होते. हातावर पोट असलेल्या घरात कांदा-भाकरीतला कांदा महाग होणं ही थट्टा नाही. सरकारने साठा करावा, नाफेडने खरेदी करावी, त्याला ना नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जे ठरवायचं ते रोप टाकायच्या आधी ठरवा आणि जाहीर करा. बी घेताना, मजुरी देताना, पाण्याची पाळी भरताना शेतकऱ्याला माहीत असू दे की यंदा बाहेरचं दार उघडं आहे की बंद. मग तो गहू लावेल, मका लावेल, त्याचं तो बघेल. पीक अंगणात आल्यावर नियम बदलला तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. १ एप्रिल २०२५ पासून शेवटचं २० टक्के शुल्कही निघालं, चांगलं झालं. पण तोवर दोन हंगामांचा हिशोब बिघडलेला होता आणि तो कुणी भरून दिला नाही.

दादा आणि मी या एका गोष्टीवर एक आहोत, पक्ष कुठलाही असो. आणि ती आम्हाला एकमेकांकडून नाही, आबांनी खंड्याकडून ऐकवली म्हणून पटली. माणूस माणसाचं ऐकायला तयार नसताना कुत्र्याचं ऐकतो, हे मी रोज ओट्यावर बघतो आणि मला आबांचं फार कौतुक वाटतं.

आता काम. आबांनी तुझ्यासाठी एक प्रश्न दिलाय. लागवडीआधी धोरण जाहीर करण्यात बँकेच्या आणि सरकारच्या हिशोबाने नेमकी अडचण काय आहे? "गोल गोल लिहू नको म्हणावं, खंड्याला समजेल असं लिही," असा निरोप आहे. उत्तर सवडीने पाठव, पण पाठव. मी ते ओट्यावर वाचून दाखवणार आहे, दादा असेल त्या रविवारी.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णा