पुडीबरोबर पाण्याचे मापही सांगा

महोदय,

बडोद्यात दांडिया बाजारात माझे औषधांचे दुकान आहे. पावसाळा लागला की जुलाबाची गिऱ्हाइके वाढतात. ओआरएस, म्हणजे पाण्यात घालून पाजायची मीठ-साखरेची पुडी, देताना मी विचारतोच, ‘पुडी किती पाण्यात घालणार?’ गाडीतून उतरलेल्या बाई ‘एक लिटर’ म्हणून मोकळ्या होतात; त्यांच्या डॉक्टरांनी ते कधीच सांगून ठेवलेले असते. दाहोद, छोटा उदेपूरकडून बांधकामावर आलेली आई कडेवरचे पोर सावरत म्हणते, ‘एक प्यालो’. पैसे दोघींनी सारखेच मोजलेले असतात.

मोठी पुडी साधारण 21 ग्रॅमची, ती पूर्ण लिटरभर पाण्यासाठी. लहान पुडी 200 मिलीसाठी. ही लहान पुडी निघाली आणि घोळ वाढला, असे माझे मत. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली की मीठ-साखर पाचपट होते. जुलाब थांबायचे दूर, वाढतात, आणि रक्तात सोडियम चढले तर लेकराच्या जिवावर बेतते. माप पुडीवर छापलेले असते, पण मुंगीएवढ्या अक्षरात, तेही बहुधा इंग्रजीत. जुलाबात ओआरएसबरोबर द्यायच्या झिंकचेही तेच. सहा महिन्यांवरच्या मुलाला ते 14 दिवस द्यायचे असते. शी घट्ट झाली की उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात.

‘अडाणी लोक, त्यांना काय कळणार,’ असे आमच्याच धंद्यातले म्हणतात. मला ते पटत नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यू चार टक्क्यांच्या आत आले. ते नातेवाईक काही फार शिकलेले नव्हते. कसे पाजायचे हे त्यांना कोणीतरी दाखवले होते.

ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली, हे उत्तमच झाले. पण पुडीहून महाग असलेला तो खोका गरीब बाई का घेत होती? त्यात पाणी मोजावे लागत नाही म्हणून! लेबल बदलले तरी ती अडचण आहे तिथेच आहे.

1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या सयाजीरावांच्या या शहरात पुडीवर गुजरातीत एक ठळक ओळ आणि लिटरच्या बाटलीचे चित्र मागणे फार होते का? मी काउंटरवर रिकामी लिटरची बाटली ठेवली आहे. ती दाखवायला कितीसा वेळ लागतो? औषधविक्रेत्यांच्या संघटनेने एवढे सगळ्या दुकानांना सांगावे. महापालिकेने बांधकामांच्या जागी नुसती पत्रके न चिकटवता, भिली बोलणारा माणूस बाटली-पुडी घेऊन पाठवावा. पत्रक वाचू शकणारे तिथे थोडेच असतात.

– एक औषधविक्रेता, दांडिया बाजार, बडोदे